निगेटिव्हवरची वलये
आईच्या एकुलत्या एका छायाचित्राची जुनी निगेटिव्ह मी एका पावसाळ्यात मोठी करावयास घेतली. पाहतो तो तिच्या कपाळावर फिकट-गडद वर्तुळांची नक्षी! पण निगेटिव्ह निर्दोष होती.

ही 'न्यूटनची वलये'. १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात न्यूटनने त्यांची चर्चा केली आहे. फिल्मची गुळगुळीत पाठ एन्लार्जरच्या काचेला टेकते, तेव्हा मध्ये हवेचा अतिपातळ थर उरतो. थरातून सरळ उतरणारा प्रकाश आणि त्याच्या दोन पृष्ठांवर परावर्तित होऊन उतरणारा प्रकाश कोठे एकमेकांस बळ देतात, कोठे क्षीण करतात. दमट हवेत फिल्म काचेला अधिक चिकटते. म्हणून पावसाळ्यात हा उपद्रव विशेष.

फिल्म अधिक दाबावी असे वाटते. पण दाबाने बहुधा वलये केवळ जागा बदलतात. लहान फिल्म बिनकाचेच्या चौकटीत धरावी. मोठीला काच हवीच. तेव्हा पाठीकडची काच सूक्ष्म खरखरीत, 'अँटी-न्यूटन' जातीची घ्यावी. लेपाची बाजू तितकी चकचकीत नसते; तिकडे साधी काच चालते. फिल्म मात्र पूर्ण कोरडी हवी.

मी वरची काच बदलली, आणि आईचे कपाळ स्वच्छ उमटले.