भिडू आपला हवा!

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. जेवणं उरकली होती, ओटा पुसून मी दिवा मालवायला निघाले, तर लेकीच्या खोलीतून खदखदून हसण्याचा आवाज. रात्रीचे साडेदहा वाजलेले. एकटीच होती खोलीत. कानाला हेडफोन, हातात मोबाइल आडवा धरलेला आणि तोंडाने सारखं, ‘अरे गधड्या, मागे बघ मागे!’

बारावीची परीक्षा संपल्यापासून ती तो गेम खेळत होती, ते मला माहीत होतं. पण तोवर खेळायची ती ओठ घट्ट मिटून, कपाळाला आठ्या घालून. जणू गणिताचा पेपरच सोडवतेय. मी एकदा म्हटलंही होतं, ‘अगं, एवढा त्रास होतो तर खेळतेस कशाला?’ आणि आज तोच गेम, तोच मोबाइल, आणि ही पोट धरून हसतेय! झालं तरी काय?

मैत्रिणींनो, त्या गेमचं नाव बीजीएमआय. पूर्वी घराघरात भांडणं लावून गेलेल्या पब्जीचंच हे भावंड. पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंद झाला. मग जुलै २०२१ मध्ये भारतासाठी म्हणून हा नव्या नावानं आला, जुलै २०२२ मध्ये बंद पडला आणि मे २०२३ मध्ये परत सुरू झाला. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात आणि शेवटपर्यंत जो तग धरेल तो जिंकतो. एकट्यानं खेळता येतो, नाहीतर चौघांची टोळी करून. आपली माणसं नसतील तर गेमच कुठूनतरी तीन अनोळखी भिडू आणून जोडून देतो.

खरी मेख इथेच आहे. टोळीतल्या कुणाला गोळी लागली तर तो लगेच बाद होत नाही, जमिनीवर रांगत राहतो. भिडूनं येऊन काही सेकंद त्याच्यापाशी बसायचं, म्हणजे तो उठतो. पण त्या सेकंदांत उठवणारा स्वतः उघड्यावर असतो, कुणीही टिपू शकतं. ‘आई, अनोळखी पोरं येतच नाहीत गं उठवायला,’ लेक म्हणाली. ‘आपण रांगत असतो आणि ती आपल्याला तसंच टाकून पळतात.’

मग हळूच म्हणाली, ‘आणि माईक तर मी चालूच करायचे नाही.’

का ते खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलली. सुरुवातीला दोन-तीनदा बोलली होती. मुलीचा आवाज ऐकल्याबरोबर एकानं नंबर मागितला. नाही दिला, तर शिव्या. दुसरा म्हणाला, पोळ्या लाट जाऊन. तेव्हापासून हिनं खेळातलं नाव मुलाचं घेतलं आणि माईक बंद. महिनाभर माझी पोरगी तिच्या खोलीत, माझ्या घरात, मुलगा बनून गप्प बसली होती!

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू फोन काढून घेतला असतास.’

खोटं कशाला बोलू, घेतलाच असता. तिच्या बाबांना सांगून नेटचा पॅकही बंद करायला लावला असता. ज्यानं शिव्या दिल्या तो मजेत, आणि शिक्षा हिला. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंही नसतं.

मग हसणं कुठून आलं? तर नाशिकचा तिचा मामेभाऊ, सोलापूरची मावसबहीण आणि पुण्याला होस्टेलवर गेलेली शाळेतली मैत्रीण अशी चौघांची टोळी जमली होती. मावसबहीण ठार अडाणी खेळाडू, गाडी चालवायला घेतली की झाडावरच आपटते. त्यावरूनच ते हसणं चाललं होतं. जिंकत होते का? छे! पहिल्या दहा मिनिटांत बाद व्हायचे बहुतेक वेळा.

मला आमचा लुडो आठवला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आम्ही चौघी बहिणी चार गावांत अडकलेल्या. लुडो किंग हा गेम आपल्या नवी मुंबईच्याच कंपनीचा, २०१६ सालचा. पण आम्हाला त्याचा शोध तेव्हा लागला. रोज साडेनऊला धाकटी खोली उघडायची, कोड पाठवायची आणि सुरू! ताई पॉझिटिव्ह आली तेव्हा चौदा दिवस माडीवरच्या खोलीत एकटी. जेवणाचं ताट दाराशी ठेवून सून मागे सरायची. दिवसभरात ती धड कुणाशी बोलायची नाही, पण रात्री मी तिची सोंगटी मारली की तिचा तो ठेवणीतला आवाज यायचा, ‘लहानपणापासून खोटारडी आहेस तू!’ तो आवाज ऐकला की आम्ही तिघी निवांत झोपायचो. ताई ठीक आहे.

दुपारी वेळ जाईना म्हणून मी अनोळखी लोकांशीही खेळून पाहिलं. फासे तेच, सोंगट्या त्याच. हरायला लागला की समोरचा निघूनच जायचा. भांडणार कुणाशी? दोन दिवसांत कंटाळले.

अर्थात, अनोळखी म्हणजे वाईटच असंही नाही. लेकीनंच मला नेटफ्लिक्सवर ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ नावाचा २०२४ चा माहितीपट दाखवला. नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या मुलाची खरी गोष्ट. स्नायू झिजत जाण्याच्या आजारानं व्हीलचेअरला खिळलेला, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेममध्ये तासन्‌तास बुडालेला. आईवडिलांना वाटायचं, पोराला ना मित्र ना कुणी. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. घरच्यांनी बातमी कळवल्यावर देशोदेशीच्या लोकांची पत्रं यायला लागली आणि काही जण तर अंत्ययात्रेला आले. खेळातलेच सोबती. त्यातल्या एका आईला आपल्या स्वमग्न मुलापर्यंत पोचता येत नव्हतं. मॅट्सनं तिला मुलाबरोबर हाच गेम खेळायला सुचवलं. मायलेक जवळ आले ते तिथूनच. तो काही देवमाणूस नव्हता हं, लोकांना तोडूनही बोलायचा. पण वर्षानुवर्षं तीच माणसं रोज भेटत राहिली, भांडली, परत आली. तशी मग ती आपली झाली.

म्हणजे ओळख मुरावी लागते. मध्यंतरी मैत्रीण टोळीत नसताना तिच्या ओळखीचा म्हणून एक मुलगा चौथा भिडू म्हणून घेतला. खेळायला पटाईत. आठवड्याभरात लेकीकडे फोटो मागायला लागला. या वेळी तिनं रात्रीच येऊन मला सांगितलं. मी काही बोलायच्या आत नाशिकच्या भाच्यानं त्याला टोळीतून काढलंही होतं. फोन तिच्याकडेच राहिला. बाबांना दोन दिवसांनी सांगितलं, जेवताना, सहज म्हणून.

हल्ली मी ‘किती वेळ खेळतेस?’च्या आधी ‘आज कोण कोण होतं?’ असं विचारते. आणि गेल्या महिन्यात मैत्रिणीची परीक्षा होती तर चौथी भिडू म्हणून मलाच बसवलं! आम्ही लहानपणी लंगडी-पकडापकडीत धाकट्यांना ‘कच्चं लिंबू’ म्हणून घ्यायचो ना, तशी मी. बंदूक सापडली, पण ती हातात कशी घ्यायची ते कळेना. दोन मिनिटांत कुठूनतरी गोळी आली आणि मी जमिनीवर रांगायला लागले.

‘आत्या, हलू नकोस, भिंतीमागेच थांब,’ हेडफोनमधून भाचा ओरडला, ‘आलोच मी.’