दाणा कट् वाजला पाहिजे

आमच्या घरात ज्वारीची परीक्षा दाढेनं होते. पोत्याच्या तळातून मूठभर काढायची, एक दाणा दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. कट् वाजून दोन तुकडे झाले तर कोठीत भरायची. दाणा नुसताच चेपला, चिवट लागला, तर अजून एक ऊन द्यायचं. १९८८ साली लग्न होऊन मी लातूर जिल्ह्यातल्या औशाला आले तेव्हा आत्याबाईंनी हे दाखवलं आणि मला हसू आलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. माझं माहेर नांदेडचं, वडील नोकरदार. आमच्या घरी धान्य महिन्याच्या यादीत यायचं, कागदी पुड्यांतून. वर्षाचं धान्य एकदम भरायचं असतं आणि भरल्यावरही ते सांभाळावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या हसण्याची किंमत पुढच्याच वर्षी वसूल झाली. फाल्गुनात शेतातली तूर माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, वाळत घातली होती. दुपारी चारला हात लावला तर चटका बसत होता. मला वाटलं, याहून कोरडं काय असणार? तशीच गरमागरम तूर पत्र्याच्या कोठीत ओतली, झाकण बसवलं, फटी शेणमातीनं लिंपल्या आणि वर कुंकवाचं बोट लावून मोकळी झाले. आषाढात उघडली तर कुबट वास अंगावर आला. झाकणाला आतून गंज चढला होता. वरची वीतभर तूर ढेकळासारखी बांधली गेली होती आणि तिच्यावर हिरवट बुरशी होती. खालच्या तुरीत भुंग्यांची जत्रा भरलेली. आत्याबाई रागावल्या नाहीत. झाकण उलटं करून त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “कोठीला घाम सुटला बग.”

तो घाम म्हणजे काय ते सावकाश कळलं. तापलेलं धान्य बंद केलं की आतली हवाही गरम असते आणि दाण्यातून निघणारी वाफ तिच्यात साठते. रात्री पत्रा गार पडतो, वाफ त्याला धरते, तिचं पाणी होतं आणि ते वरच्या थरावर टपकतं. दिवसभराच्या उन्हानं घालवलेली ओल आपणच परत घालतो. म्हणून उन्हातलं धान्य संध्याकाळी घरात आणावं, चादरीवर पसरून रात्रभर निवू द्यावं आणि सकाळी भरावं. रात्री ते माळवदावर मात्र ठेवू नये, पहाटेचं दव बसतं. तेव्हापासून माझ्या हातून कोठीला घाम सुटलेला नाही.

ज्यांच्या दाढा कामाच्या राहिल्या नाहीत त्यांच्यासाठी मिठाची युक्ती आहे. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात पाव भाग धान्य आणि दोन चमचे कोरडं, बारीक मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि थांबा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर ओल भरपूर आहे. मीठ मोकळं होऊन तळाशी बसलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या खाली आला. पण तेवढ्यावर थांबू नका. वर्षभर ठेवायच्या धान्याला १२ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा लागतो. तुरीच्या सरकारी खरेदीलाही १२ टक्क्यांचीच अट असते. मीठ पास झालं तरी मी आणखी दोन उन्हं देते.

हे सगळं पूर्वी इतकं काटेकोर नव्हतं. आमच्या जुन्या घरात दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत बळद होतं. वरून माळवदाच्या तोंडातून ज्वारी ओतायची आणि खाली हात जाईल एवढं भोक, त्याला चिंध्यांचा बोळा. लागेल तशी बोळा काढून सूपभर घ्यायची. हातभर जाडीची दगडमातीची भिंत थोडीफार ओल स्वतः पिऊन घ्यायची, आणि उन्हाळा असो की पावसाळा, आतली हवा फारशी बदलायची नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ज्या किल्लारीच्या नावानं हा भूकंप ओळखला जातो ते गाव आमच्याच तालुक्यातलं. जाड भिंती आणि वर मातीचं ओझं घेतलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्याविषयी इथे जास्त लिहीत नाही. आमचं घर उभं राहिलं, पण बळदाच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. ज्वारी काढून घेतली आणि भिंत उतरवली. पुढे विटा-सिमेंटचं घर झालं, पातळ भिंतींचं. बळद गेलं आणि तुरीसारखी ज्वारीही पत्र्याच्या कोठ्यांत गेली. पत्रा ओल पीत नाही. बळदात जी ज्वारी खपून गेली असती ती कोठीत सडते. जुन्या बायकांच्या युक्त्या सांगताना आपण हे विसरतो. युक्ती खरी असते, पण ती कुठल्या भिंतीसाठी आणि कुठल्या भांड्यासाठी होती तेही बघावं लागतं.

कडुनिंबाचंच घ्या. धान्यात पाला घालावा हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती जणी झाडाचा डहाळा तोडून हिरवागार पाला थेट कोठीत टाकतात! हिरव्या पाल्यात पाणीच जास्त, म्हणजे किड्याला हाकलायच्या नावाखाली बुरशीला आवतण. पाला सावलीत वाळवायचा, मुठीत चुरला की कुरकुरला पाहिजे. मग तळाला एक थर, मधे एक, वर एक. एवढं करूनही पाल्याच्या भरवशावर राहू नये. किडा थोपवतं ते मुख्यतः कोरडेपण.

तुरीचा भुंगा कोठीत जन्मत नाही, तो बहुतेक वेळा शेतातूनच येतो. वाळत आलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते आणि ती आपण पोत्यासोबत घरी आणतो. घरात त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढतात, दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात, मग गोल भोकं. भुंग्याची अळी अख्ख्या दाण्यात शिरून वाढते. डाळ केली, साल निघालं, दाणा दुभंगला की तिची पंचाईत होते. म्हणून बियाण्यापुरती तूर ठेवून बाकीची डाळ करून ठेवावी. आत्याबाई तूर भिजवून, वाळवून जात्यावर भरडायच्या. मी गिरणीतून करून आणते. आणल्यावर पाच किलो डाळीला दोन लहान चमचे एरंडेल, तळहातावर घेऊन दाण्यादाण्याला चोळायचं. चोळताना हात जड होतो आणि वास नकोसा वाटतो, पण शिजवण्याआधी कोमट पाण्यानं दोनदा धुतलं की जातो. तेलाच्या पापुद्र्यानं अंडी गुदमरतात, तेल लागलेल्या दाण्यावर नवी अंडी नीट चिकटत नाहीत. आणखी एक : डबा गळ्यापर्यंत भरावा. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्याला अर्धा डबा हवा. डाळ खाली गेली की छोट्या डब्यात काढावी.

माझी लेक पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. तिला ऊन नाही, माळवद नाही. ती रवा, पोहे, बेसन आणलं की पाकिटासकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते, त्यातली किड्यांची अंडी मरतात. मला आधी हे थेर वाटले. आता मीही रव्याला तेच करते. फक्त पाकीट बाहेर काढल्यावर लगेच फोडायचं नाही, घरातल्या हवेइतकं होऊ द्यायचं. नाहीतर तिथेही घाम सुटतो.

एका गोष्टीवर मात्र मी भांडते. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घरात आणू नका, कुणी दुकानदारानं हातावर ठेवल्या तरी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्या हवेतल्या ओलाव्यानं विषारी वायू सोडतात. कायद्यानं त्या सरकारी यंत्रणांनी आणि परवानाधारक कीड-नियंत्रकांनीच वापरायच्या असतात. माणसं झोपतात त्या खोलीत तर कोठी असते आपली! पाऱ्याच्या टिकड्याही तशाच. पारा पोटात जायची वस्तू नाही. धान्याला किडा लागला तर चाळता येतं, उन्हात टाकता येतं, अगदीच गेलं तर कोंबड्यांना घालता येतं.

पिठाचं गणित वेगळं. ज्वारी वर्षभर टिकते, पण दळली की तिचं आयुष्य आठवड्यांवर येतं, कारण दाण्यातला तेलकट भाग उघडा पडतो. बाजरीत तेल जास्त, म्हणून तिचं पीठ लवकर कडू होतं. ज्वारी आठ दिवसांची दळावी, बाजरी चार दिवसांची. जुन्या पिठाची विरी जाते, भाकर थापताना कडेला चिरा पडतात, परातीतून उचलली की हातात दोन तुकडे. असं पीठ टाकू नका. परातीत पिठाचं आळं करा, मधे उकळतं पाणी ओता, उलथन्यानं कालवा आणि झाकून पाच मिनिटं थांबा. मग हाताला सोसेल तसं गार पाण्याचा शिपका देत तळहाताच्या बुडानं रगडा. आधी ते फुटक्या मातीसारखं वाटतं. रगडता रगडता एका क्षणी हाताला चिकटायला लागतं आणि परात स्वच्छ सोडतं. तेव्हा गोळा उचलावा. उकळत्या पाण्यानं पिठातला काही भाग शिजतो आणि तोच चिकटपणा देतो. माझ्या धाकट्या जावेला हे सांगून पटलं नाही, शेवटी तिचा हात माझ्या परातीत घातला तेव्हा पटलं.

आता डाळ. आमच्या जिल्ह्याचं नाव डाळीवर आहे. लातूरचा मोंढा, डाळमिली, आणि आता बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. तरी औशातल्या कितीतरी घरांत डाळ शिजत नाही म्हणून बायका दुकानदाराला शिव्या देतात. मीही द्यायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात शहाणी झाले. त्या वर्षीच्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, पाच लाख लिटर घेऊन. औशात आमच्या गल्लीत टँकर यायचा, एक दिवस कुठल्या विहिरीचा, दुसऱ्या दिवशी कुठल्या बोअरचा. डबा तोच, डाळ तीच, कुकर तोच. पण एक दिवस तीन शिट्ट्यांत लोणी, दुसऱ्या दिवशी सात शिट्ट्यांनंतरही दाणा अख्खा. दोष पाण्याचा होता. जड पाण्यातल्या क्षारांनी दाण्याची बांधणी घट्ट होते आणि तो फुटत नाही. बोअरचंच पाणी असेल तर ते आधी खळखळ उकळून निवू द्यावं, पांढरा साका तळाशी बसला की वरचं पाणी घ्यावं आणि त्यात डाळ अर्धा तास भिजवावी. हळद आणि तेलाचा थेंब आधी, मीठ नंतर, आणि चिंच तर अगदी शेवटी. आंबट आधी पडलं की डाळ रुसलीच.

चिंचेवरून आठवलं. आमच्याच जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेलाही मानांकन आहे. नवी चिंच चैत्रात चिंचोके आणि शिरा काढून, उन्हं देऊन, खडेमीठ घालून मातीच्या मडक्यात दाबून भरावी. पत्र्याच्या डब्यात भरू नये, आंबट धातूला खातं. ती काळी पडते, त्यानं काही बिघडत नाही. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीच्या सणाला, भज्जीत हीच घालतो. आंबिलाचं ताकही त्याआधी काही दिवस मातीच्या भांड्यातच साठवतो. पितळेत ठेवलं तर कळकतं.

शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना आवडते, पण दाणे निवडायचा कंटाळा. काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा सरळ फेकावा. भाजल्यानं चव झाकली जाते, बुरशीचं विष पुरतं जात नाही. चटणी कुटल्यावर पूर्ण गार होऊ द्यावी, मगच बरणीत भरावी. काळ्या मसाल्यातलं खोबरं नीट भाजलं नसेल तर दिवाळीच्या आत खवट होतं. मी थोडाच मसाला खोबरं घालून करते, उरलेला बिनखोबऱ्याचा ठेवते, वर हिंगाचा खडा.

फ्रिजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. औशात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे फ्रिज आमच्याकडे पाहुण्यासारखा, आहे तोवर आहे. कोथिंबिरीची मुळं ठेवून ती कोरड्या सुती फडक्यात गुंडाळावी, धुवायची ती वापरताना. मिरच्यांचे देठ काढावेत. कांदे-बटाटे एका टोपलीत नकोत. रात्रीचा भात उघडा गार करून लगेच आत ठेवावा, गरम पातेल्यात झाकून तसाच ओट्यावर सोडू नये. माळवं, म्हणजे भाजीपाला, जास्त आलं तर गवार आणि वांग्याच्या फोडी वाळवून ठेवा. हरभऱ्याची कोवळी भाजी मात्र सावलीत वाळवावी, उन्हात पिवळी पडते. श्रावणात ती लसणाच्या फोडणीत पडली की मला माघातल्या शेताचा वास येतो.

यंदाची ज्वारी परवापासून गच्चीवर आहे. आत्याबाई आता ऐंशीच्या पुढे, तोंडात एक दात नाही. काल संध्याकाळी मी मूठभर दाणे घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसले. त्यांनी मला जवळ ओढलं, कान माझ्या गालाशी आणला. मी दाणा चावला.

“भरू का आत्या?”

“न्हाई. आजून येक ऊन दे.”

मला तर कट् ऐकू आलं होतं. पण भरली नाही. आज सकाळपासून आभाळ आलंय, आणि मी ताडपत्री शोधतेय.