घरी बनवलेले पेडल मुके राहते तेव्हा

इलेक्ट्रिक गिटारचा तो चिरका, फाटका आवाज, ज्याला जगभर ‘फझ’ म्हणतात, मुळात एका बिघाडातून जन्माला आला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन वाजवीत असलेल्या सहा तारांच्या बेस गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणे गाजले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडाची नक्कल करणारे सर्किट तयार केले. त्यातूनच १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात कीथ रिचर्ड्स यांनी ते वापरले आणि पायाने दाबायची ही छोटी डबी जगभरच्या गिटारवादकांच्या पायाशी आली.

तयार पेडल महाग असते. म्हणून आपल्याकडेही अनेक हौशी मुले-मुली ते घरीच बनवतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यातला पासोड्या विठोबाचा परिसर, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, बेंगळुरूचा एस. पी. रोड, कुठेही जा, रेझिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर सुटे मिळतात. दोन-चार रविवार खपून पेडल तयार होते. मोठ्या उत्सुकतेने गिटार जोडली जाते, स्विच दाबला जातो, आणि आवाजच येत नाही!

इथेच खरी परीक्षा असते. ‘उगाच पैसे घालवलेस’ असे घरातले कोणी म्हणते, आणि ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असे ठरवून मुलगा ती डबी ड्रॉवरमध्ये टाकतो. वास्तविक पहिल्याच प्रयत्नात न वाजणे ही यातली अगदी नेहमीची गोष्ट आहे. शिवाय बहुतेक दोष अगदी साधे असतात. ते शोधायला फार मोठे ज्ञान लागत नाही, क्रम लागतो.

आधी बाहेरचे पाहा

पहिली चाचणी पेडल न उघडताच करता येते. गिटार वायरने थेट अॅम्प्लिफायरला जोडा. आवाज आला तर गिटार, वायर आणि अॅम्प्लिफायर निर्दोष आहेत. दुसरी वायरही अशीच तपासून घ्या. आता मध्ये पेडल जोडा, पण ते ‘बंद’ ठेवा. बंद पेडलमधून गिटारचा मूळ आवाज सरळ पुढे जायला हवा. तोही येत नसेल तर दोष सर्किटमध्ये शोधण्यात अर्थ नाही, तो जॅक, स्विच किंवा त्यांच्यामधल्या वायरींमध्ये आहे. बंद असताना आवाज येतो पण चालू करताच जातो, असे असेल तर सर्किटकडे वळा. एवढ्या एका चाचणीने निम्मे काम हलके होते.

इनपुट आणि आउटपुट यांची अदलाबदल झालेली नाही ना, हेही पाहावे. पेडल उलटे धरून वायरी जोडताना उजवे-डावे चुकणे फार सोपे असते.

वीज पोचते का?

बहुतेक पेडले ९ व्होल्टवर चालतात. नवी बॅटरी मीटरवर ९ व्होल्टपेक्षा किंचित जास्तच दाखवते. आकडा ७ च्या आसपास उतरला असेल तर आधी बॅटरी बदला.

इनपुटच्या जागी मुद्दाम स्टिरिओ जॅक बसवलेला असतो. बॅटरीचे ऋण टोक त्याच्या मधल्या संपर्काला जोडतात. गिटारची साधी पिन आत गेली की तो संपर्क जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडला जातो आणि वीज सुरू होते. या जागी चुकून मोनो जॅक बसवला, किंवा वायर भलत्याच संपर्काला जोडली, तर नवी बॅटरीही व्यर्थ. याच रचनेमुळे वाजवून झाल्यावर पिन काढून ठेवली नाही तर बॅटरी रात्रभरात उतरू शकते.

अॅडॉप्टर वापरताना जास्त सावध राहावे. गिटारच्या पेडलांना सहसा मधले टोक ऋण असलेला अॅडॉप्टर लागतो. घरातल्या इतर वस्तूंच्या अनेक अॅडॉप्टरांमध्ये मधले टोक धन असते. असा उलटा अॅडॉप्टर लावल्यास सर्किटमधले भाग कायमचे निकामी होऊ शकतात.

उलटे बसलेले पाय

वीज पोचत असेल तर आता एकेक भाग नकाशाशी ताडून पाहा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची ऋण बाजू त्याच्या अंगावरच्या पट्टीने ओळखता येते, तर डायोडची पट्टी कॅथोड दाखवते.

सगळ्यात जास्त फसवतो तो ट्रान्झिस्टर. आपल्या बाजारात सहज मिळणारा ‘बीसी ५४७’ घ्या. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. परदेशी नकाशांत नेहमी दिसणाऱ्या ‘२एन ३९०४’चा क्रम बरोबर उलटा असतो: एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा वापरायला हरकत नाही, पण तो फिरवून बसवावा लागतो.

रंगांच्या पट्ट्याही डोळ्यांना चकवतात. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ हजार ओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० हजार. रात्री पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. म्हणून प्रत्येक रेझिस्टर बसवण्यापूर्वी मीटरवर मोजून घ्यावा. कपॅसिटरवर १०४ लिहिले असेल तर तो ०.१ मायक्रोफॅरड, आणि १०३ असेल तर ०.०१.

डाख कच्चा की पक्का?

शिसे-कथिलाच्या सोल्डरचा चांगला डाख चकचकीत असतो आणि तारेच्या पायथ्याशी उतरत्या टेकडीसारखा पसरलेला दिसतो. कच्चा डाख मळकट, फुगीर गोळीसारखा असतो. तो वरून जोडलेला वाटतो, पण आत वीज वाहतेच असे नाही. असा डाख पुन्हा तापवा. आधी तार आणि तांब्याची पट्टी दोन्ही गरम करून मग सोल्डर लावा. दोन शेजारच्या डाखांमध्ये केसाएवढा पूल तयार झालेला नाही ना, हे भिंगाने पाहा. खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि सोल्डर हाताळल्यावर जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.

मीटर काय सांगतो?

एवढे करूनही आवाज नसेल तर मीटरची काळी तार ग्राउंडला लावा आणि लाल तारेने एकेक जागा मोजा. ‘टीएल ०७२’ या चिपमध्ये ८ क्रमांकाच्या पायावर सुमारे ९ व्होल्ट, ४ क्रमांकावर शून्य, आणि १ व ७ या आउटपुट पायांवर सुमारे साडेचार व्होल्ट दिसायला हवेत. प्रसिद्ध ‘फझ फेस’च्या धर्तीवरील सर्किटमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरही साडेचारच्या आसपास आकडा असावा लागतो. तिथे शून्य किंवा पूर्ण ९ आले तर दोष त्याच परिसरात आहे.

या सर्किटसाठी जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधणारे बरेच आहेत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला ‘एसी १२८’ त्यांना विशेष प्रिय. मात्र जर्मेनियम उष्णतेला हळवा असतो. हिवाळ्यात उत्तम वाजलेले पेडल मे महिन्याच्या दुपारी बिनसले, तर तो आपल्या हाताचा दोष नव्हे.

आवाजाचा माग काढा

सर्वांत खात्रीचा उपाय घरीच तयार होतो. अॅम्प्लिफायरला जाणाऱ्या वायरच्या मधल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडा, आणि बाहेरची तार पेडलच्या ग्राउंडला. कपॅसिटरचे मोकळे टोक म्हणजे आपली ‘कानाची नळी’. हा कपॅसिटर बॅटरीची वीज अडवतो आणि आवाज तेवढा पुढे जाऊ देतो.

आता ताई किंवा दादाला गिटारची तार छेडत बसायला सांगा. अॅम्प्लिफायरचा आवाज लहान ठेवून हे टोक इनपुटपासून सुरुवात करून एकेका भागाला टेकवत पुढे सरका. आवाज जिथपर्यंत येतो तिथपर्यंत सगळे ठीक. जिथे तो नाहीसा झाला, त्या दोन जागांच्या मध्येच चोर लपलेला आहे.

हा प्रयोग फक्त बॅटरीवर चालणाऱ्या पेडलवरच करावा. घरच्या २३० व्होल्टवर चालणारे अॅम्प्लिफायर किंवा अॅडॉप्टर कधीही उघडू नयेत. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये तर स्विच बंद केल्यानंतरही जीवघेणी वीज साठून राहू शकते.

डबीत घालताच बंद?

टेबलावर सुरेख वाजणारे पेडल लोखंडी वा अॅल्युमिनियमच्या डबीत घालताच गप्प झाले, तर एखादा उघडा पाय डबीला टेकत आहे. मध्ये जाड पुठ्ठा किंवा इन्सुलेशन टेप लावावी. घरघर येत असेल आणि तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर ग्राउंड तपासा. धातूची डबी स्वतः ग्राउंडला जोडलेली हवी. शिट्टी वाजत असेल तर आत येणारी आणि बाहेर जाणारी वायर एकमेकींपासून दूर करा.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत टिपून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पेडल वाजू लागले, तर दोष कुठे होता हे कधीच कळत नाही. तासभर शोधूनही काही सापडले नाही तर इस्त्री... म्हणजे सोल्डरिंगची, बंद करावी आणि झोपावे. आदल्या रात्री दहा वेळा पाहून न दिसलेली तुटकी तार सकाळच्या उजेडात पटकन दिसते.

पालकांनीही थोडा धीर धरावा. मुक्या पेडलमागचे कारण ज्याने स्वतः शोधून काढले, तो मुलगा किंवा ती मुलगी पुढच्या वेळी रेडिओ बंद पडला तर हातावर हात ठेवून बसणार नाही.