शाळा पाहावी आत जाऊन

मे महिन्यात माझी धाकटी नणंद कन्नड तालुक्यातून चार दिवस मुक्कामाला आली. तिच्या यजमानांना वाळूजच्या एका कंपनीत काम लागलं होतं, बजाजनगरात खोलीही बघून झाली होती. अडलं होतं ते लेकीच्या शाळेवर. लेक तिसरीत जाणार.

‘‘वहिनी, इथं चांगली शाळा कोणती हो?’’

‘‘चांगली म्हणजे कशी?’’

‘‘म्हणजे... टाय-बूट असतं तसली. इंग्लिश मीडियम. आमच्या गल्लीत सगळ्या लेकरांना न्यायला पिवळी व्हॅन येती. माझीच एकटी पायी जाईल का मग?’’

मला हसू आलं नाही. कारण माझ्या मुलाच्या वेळी मीही फाटक बघूनच शाळा ठरवली होती. रंगीत भिंती, घसरगुंडी, बोलायला गोड बाई. दोन वर्षांत मुलाच्या वर्गाला पाच शिक्षिका झाल्या. पगार वेळेवर होत नव्हता म्हणून त्या टिकत नव्हत्या, हे मला कळलं तेव्हा मुलगा पाढे विसरला होता. फाटकाकडे बघून आतलं काही कळत नाही, हे शिकायला मी दोन वर्षांची फी भरली.

तेव्हा नणंदेला म्हटलं, बाई, आपण साडी घेताना पदर उलटून बघतो, तांदूळ घेताना दाणा चावून बघतो. मग शाळाच का न बघता घ्यायची? आणि नुसत्या खासगी नाही, सरकारीही बघू. ती जरा नाराज झाली. ‘‘सरकारी तर गावालाच होती की!’’

आता ‘सरकारी’ म्हणजे तरी काय? आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो. शहराच्या हद्दीत महापालिकेच्या शाळा आहेत, मराठी आणि उर्दू माध्यमाच्या. हद्द संपली की जिल्हा परिषदेच्या. बजाजनगरला पत्ता शहराचा वाटतो, पण कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून तिथली सरकारी शाळा जिल्हा परिषदेची. मधे संस्थांच्या अनुदानित शाळा, जिथे संस्था खासगी पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. आणि २०१२ च्या कायद्यानंतर भराभर उघडलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा, म्हणजे सगळा खर्च आपल्या फीमधून. दारावरची पाटी वाचताना एवढं तरी बघावं. ‘सीबीएसई पॅटर्न’ असं लिहिलेलं असेल तर खास थांबावं. पॅटर्न वेगळा आणि बोर्डाची संलग्नता वेगळी. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो, आपल्या राज्यात तो २७ ने सुरू होतो. तो विचारला आणि ऑफिसातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, तर तिथून उठावं. विद्यार्थी किती, शिक्षक किती, खोल्या किती, हे त्या क्रमांकावरून मोबाइलवरही बघता येतं.

पण मोबाइलवर दिसत नाही ते वर्गात दिसतं. दुसऱ्या दिवशी आम्ही शेजारच्या एका मुलाला हाक मारली. चौथीत गेलेला, फी भरून शिकणारा, फार गोड पोरगा. त्याच्यापुढे मी त्याच दिवशीचा पेपर ठेवला, त्यातला लहान मुलांचा कोपरा. चार ओळींची गोष्ट. तो अडखळला, मग थांबला. ‘‘मराठी आम्हाला कमी असतं,’’ म्हणाला. बरं, मग त्याचं इंग्रजीचं पुस्तक उघडलं. शाळेत झालेला धडा त्याने घडाघडा म्हटला, बोट भलत्याच ओळीवर. न झालेल्या धड्याची पहिली ओळ मात्र त्याला लागेना. नणंद माझ्याकडे बघायला लागली. मग तिच्या लेकीने तोच पेपर ओढला आणि हळूहळू, जोडाक्षराला थांबत, गोष्ट शेवटपर्यंत वाचली. वर विचारलं, ‘‘मामी, मग त्या कासवाचं काय झालं? पुढचं कुठंय?’’

यात त्या पोराची चूक काडीची नाही. आणि एका मुलावरून सगळ्या खासगी शाळा वाईट असंही म्हणायचं नाही. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून होते. गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला देतात. आधी अक्षर, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्याच मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. खासगी शाळांतली मुलं सरकारीपेक्षा पुढे दिसतात हे खरं, पण सगळ्यांना येतं असं तिथेही नाही. शिवाय फी भरणाऱ्या घरात शिकलेली आई असते, शिकवणी असते, घरात पेपर येतो. त्या पुढारीपणात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

ही पाहणी खेड्यांतली. शहरातल्या एकेका शाळेचा असा निकाल कुणी आपल्या हातात आणून देत नाही. म्हणून मी मैत्रिणींना सांगते, शाळा बघायला जाल तेव्हा आधी त्या शाळेत जाणारी दोन-तीन मुलं गल्लीत गाठा आणि त्यांना न पाहिलेलं काहीतरी वाचायला द्या. किराणाच्या पुडीचा कागदही चालेल. वजाबाकी सांगा, ५२ मधून २७. पाच मिनिटांचं काम. पण मुलाला लाज वाटेल असं करू नका, खेळ म्हणून करा. आम्ही त्या पोराला शेवटी लाडू दिला.

मग आम्ही शाळा बघायला निघालो. उन्हाळ्याची सुट्टी होती, म्हणून ऑफिसातच भेटी झाल्या. जूनमध्ये शाळा भरल्यावर पुन्हा गेलो, आणि खरं सांगते, भरलेली शाळा बघितल्याशिवाय काही कळत नाही.

एका शाळेत गेटवरच भला मोठा फलक, ‘दहावीचा निकाल १०० टक्के’. नणंद भारावली. मी गेटाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं, नववीत किती मुलं होती हो यांची? तो नुसता हसला. ज्यांना या गोष्टी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कच्च्या मुलाला नववीत अडवायचं, नाहीतर ‘१७ नंबरचा फॉर्म भरा’ म्हणून बाहेरून बसवायचं, म्हणजे शाळेचा निकाल चकचकीत राहतो, असं काही ठिकाणी चालतं. १७ नंबरचा अर्ज खासगी रीतीने परीक्षेला बसणाऱ्यांसाठी असतो. शिक्षण सुटलेल्या बाईला, कामावर जाणाऱ्या मुलाला तो वरदानच आहे. पण शाळेत रोज येणाऱ्या लेकराला तिकडे ढकललं जात असेल तर शंभर टक्क्यांचा अर्थ वेगळा होतो. म्हणून फलकावरची टक्केवारी सोडा. आठवीत किती होती आणि दहावीला किती बसली, हे दोन आकडे विचारा.

शिक्षकांचं गणितही असंच विचारून घ्यावं लागतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, असं त्यात आहे. आता बघा, चार वर्ग, ५५ मुलं आणि दोन शिक्षक हे कायद्यात बसतं! म्हणजे एका गुरुजींकडे दोन वर्ग. त्यातला एक निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेल्याकडे चारही. जिल्हा परिषदेच्या शाळांचं खरं दुखणं इथे आहे. आणि दुसरं दुखणं बदलीचं. एखादी बाई किंवा गुरुजी शाळेला वर काढतात, पालक फाटकाशी रांग लावतात, आणि बदली झाली की दोन वर्षांत शाळा पुन्हा होती तिथे. मी तर आता सरळ विचारते, ‘‘सर, तुम्ही इथे अजून किती वर्षं आहात?’’ कुणी रागावत नाही. उलट त्यांनाही बरं वाटतं.

आणि एक गोष्ट बापमाणसं कधी बघत नाहीत, आपणच बघायची. मुलींचं शौचालय. आहे का, हे विचारू नका, ते सगळीकडे ‘आहे’ असतं. दार उघडून बघा. कडी लागते का? बादलीत पाणी आहे का? की कुलूप लावून किल्ली ऑफिसात? एका देखण्या इमारतीत आम्हाला किल्ली शोधायलाच दहा मिनिटं लागली. माझ्या ओळखीच्या एका मुलीने सातवीत असताना दिवसभर पाणी प्यायचं सोडलं होतं, शाळेत जावं लागू नये म्हणून. आईला कळलं ते डॉक्टरांकडून.

आता सगळं रडगाणंच नाही. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, तुम्हाला कोणती परदेशी भाषा शिकायची आहे? बहुतेकांनी जपानी म्हटलं, कारण त्यांना यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाचं वेड! मग इंटरनेटवरून साहित्य जमवून मुलं शिकायला लागली आणि एका भाषातज्ज्ञांनी त्यांना विनामूल्य ऑनलाइन शिकवलं. २०२० मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली. धड रस्ता नसलेलं गाव! बातमीत सगळ्यांना कौतुक जपानीचं. मला मात्र मुलांना ‘काय शिकायचं’ असं कुणी तरी विचारलं, याचं जास्त अप्रूप वाटलं. अर्थात, तुमच्या जवळच्या शाळेत जपानी नसली म्हणून ती वाईट ठरत नाही. मराठी नीट वाचता आली तरी मी पेढे वाटीन.

शहरातही महापालिकेने अलीकडच्या काळात काही शाळांच्या इमारती सुधारल्या, काही ठिकाणी सीबीएसई अभ्यासक्रमाचे वर्ग सुरू केले. चांगलंच आहे. पण रंगवलेली भिंत खासगी शाळेची असो की सरकारी, मी आता भिंतीला भुलत नाही. फळ्यावर आजची तारीख आहे का, वह्यांत चुकीपाशी बाईंचा लाल शेरा आहे की नुसती बरोबरची खूण, वाचनालयाच्या पुस्तकांची पानं दुमडलेली आहेत की कोरी करकरीत, हे बघते. पुस्तकं फाटलेली असतील तर फारच छान.

शेवटी बजाजनगर परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत आम्ही जूनमध्ये भरल्या वर्गात गेलो. पट बरा, शिक्षक कमी. एका बाईंकडे दोन वर्ग. पण त्या दुसरीला गणितं देऊन तिसरीकडे वळल्या तेव्हा दुसरीतली मुलं आपापसात एकमेकांची उत्तरं तपासत होती. गडबड होती, पण कामाची. भाचीला तिथे एका मुलीने सरकून जागा दिली. टीसी गावाहून यायला उशीर होता. मुख्याध्यापकांनी तो विषयच काढला नाही, आणि काढायचाही नसतो, टीसी नाही म्हणून पहिली ते आठवीत प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाही. आणि खासगी शाळेने प्रवेशाला आई-बापांची मुलाखत घेणंही कायद्यात बसत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

घरी मात्र धुसफूस झाली. माझ्या सासूबाईंचं म्हणणं, ‘‘शहरात जाऊन पुन्हा झेडपीतच? लोक काय म्हणतील?’’ भाऊजी गप्प. नणंदेने हिशेब मांडला. फी, व्हॅन, गणवेशाचे दोन जोड, आणि वर शिकवणी लागणारच. तेवढ्यात खोलीचं भाडं निघत होतं. ‘‘एक वर्ष बघते,’’ ती म्हणाली. ‘‘वाचता येणं मागं पडलं तर काढीन.’’ सासूबाई अजून पटलेल्या नाहीत, आणि धाकट्या नातवाच्या वेळी पुन्हा वाजणार हे दिसतंच आहे.

ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. शाळा व्यवस्थापन समितीत तिचं नाव घातलं होतं. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. पण अनेक ठिकाणी बाईचं नाव कागदावर आणि रजिस्टर सहीपुरतं घरी, असं चालतं.

‘‘वहिनी, रजिस्टर घेऊन आले होते सहीला. मी म्हटलं, मीटिंगला येऊनच करते. तर म्हणे शनिवारी अकराला या.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, जाते की. मुलींच्या संडासाचं दार लागत नाही, ते सांगणार. आणि तिसऱ्या शिक्षकाचा अर्ज कुठं द्यायचा असतो हो? तेवढं विचारून ठेवा, शुक्रवारी फोन करते.’’