पऱ्हाटीच्या वावरात पंधरा दिवस

दिवाळीची सुटी लागली की आपण मध्यमवर्गीय माणसे बॅगा भरतो आणि कुठेतरी हवा खायला जातो. कोणी महाबळेश्वर गाठतो, कोणी कोकण. बोनस बरा मिळाला असेल तर केरळ. तिथे जाऊन आपण करतो काय? तर काहीच करीत नाही, आणि त्याबद्दल हॉटेलवाल्याला रोख पैसे मोजतो!

परदेशात याच्या अगदी उलट अशी एक रीत आहे. १९७१ साली लंडनमधल्या स्यू कोपर्ड नावाच्या सेक्रेटरीबाईंनी शनिवार-रविवारी खेड्यातल्या शेतावर जाऊन राबायची टूम काढली. काम करायचे आणि त्याबद्दल जेवण व निवारा घ्यायचा. ही टूम पुढे जगभर पसरली. ऑस्ट्रेलियाच्या दूरदूरच्या शेतमळ्यांवर तर पाठीवर पिशवी टाकून फिरणारी तरुण पोरे फळे तोडतात, गुरे हाकतात आणि पुढच्या प्रवासाचे भाडे मिळवतात. आपल्याकडे बाबा आमट्यांची सोमनाथची श्रमसंस्कार छावणी याच जातीची. तेव्हा ही कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही. मात्र ती तरुणांसाठी असते अशी आपली समजूत आहे. चाळिशी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तराने तिच्या वाटेला जावे, हे आमच्या स्टाफरूमला बरेच दिवस पटले नव्हते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात आहे. आठ एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मी त्याच्या वडिलांकडे पंधरा दिवस राहिलो. साऱ्या गावाचे ते भाऊ, म्हणून माझेही भाऊ. अट एकच घातली होती : मला पाहुणा समजू नका, रोजदार समजा. भाऊंनी मान हलवली खरी, पण पहिल्या रात्री घरातली एकुलती एक गादी माझ्याच अंथरुणावर आली.

रेल्वेने धामणगाव आणि तिथून एस. टी.ने यवतमाळ. गाडी घाटंजी-राळेगावच्या मुलखाकडे वळली की मराठीच्या मास्तराचा शब्दकोश बदलू लागतो. इथे शेताला वावर म्हणतात, शेतकऱ्याला कास्तकार, बांधाला धुरा, बैलगाडीला बंडी आणि खुरपणीला निंदण. कपाशीच्या झाडाला म्हणतात पऱ्हाटी. हा शब्द मला फार आवडला. कापूस घरात आला की वाळलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात, सरकीचे तेल निघते, उरलेली ढेप बैल खातो. त्या झाडाचे वाया असे काही जात नाही.

दिवस पाचाला सुरू होई. त्याआधीच वहिनींची चूल पेटलेली असे. घरच्यांच्या भाकरी करून, पाणी भरून, धुणे आटोपून मग त्या बाईने दिवसभर वावरात राबायचे, आणि संध्याकाळी परत चुलीपुढे बसायचे. गोठा झाडणे, शेण उचलणे आणि बैलांपुढे कडबा व ढेप टाकणे ही कामे माझ्याकडे आली. आठ-साडेआठला आम्ही निघत असू. आणखी लवकर का नाही, असे मी विचारले, तेव्हा कळले की कार्तिकातले दव झाडावरून उतरल्याशिवाय कापसाला हात लावायचा नसतो. ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो आणि बाजारात भाव घालवतो.

वेचणीच्या बायका दहा-बारा. त्यांच्या म्होरक्या होत्या साठीच्या एक मावशी. हंगाम सुरू होताना त्यांनीच धुऱ्यावर दहीभात ठेवून सीतादही केली होती. कमरेला ओटी बांधून मी त्यांच्या शेजारचे तास धरले. "सर, बोंडाले धरू नोका," मावशी म्हणाल्या, "त्याच्या पोटातला कापूस तेवढा वढा." उमललेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांना टोके असतात, आणि ती सुईसारखी बोचतात. पाचही बोटे एकदम आत घालून, पाचोळा न लागू देता, चारही कप्प्यांतला कापूस एका झटक्यात काढायचा. किडके, आखडलेले बोंड असले तर त्याची कवडी वेगळी ठेवायची. मावशींचे दोन्ही हात दोन वेगळ्या झाडांवर चालत, आणि तोंडाने सुनेची कागाळी चालू असे ती निराळीच.

संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागे. पहिल्या दिवशी माझा कापूस भरला अकरा किलो, मावशींचा चाळीस. एका बोंडात साधारण चार ग्रॅम कापूस निघतो, म्हणजे किलोला अडीचशे बोंडे. चाळीस किलो म्हणजे दहा हजार बोंडे! दहा हजार वेळा ती बोटे त्या टोकांमध्ये शिरली आणि बाहेर आली. त्या गावात तेव्हा वेचणीचा दर किलोला दहा रुपये होता. मावशींनी चारशे रुपये पदराच्या गाठीत बांधले. माझ्या एकशे दहा रुपयांना कोणी हसले नाही, ही त्या बायकांची थोरवी.

दुपारी एक वाजता बाभळीखाली भाकरी सुटत. ज्वारीची भाकर, ठेचा, आंबाडीची भाजी. कोणाकडे पातोडी असली तर ती सगळ्यांत वाटली जाई. जेवताना भाऊ जुन्या गोष्टी काढत. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला ही अरुंद रुळांची गाडी त्यांनी पाहिलेली. ११३ किलोमीटरचा तो मार्ग इंग्रजी कंपनीने इथला कापूस वाहून नेण्यासाठी घातला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची आठवण झाली. पुढे शकुंतलेला ओढणारे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच आले, आणि ते १९९४ पर्यंत धावले. आता ती गाडी बंद आहे. इथे पिकवावे आणि भाव मात्र दुसरीकडे ठरावा, ही तऱ्हा तिच्याबरोबर थांबलेली नाही.

ते मला चौथ्या दिवशी उमगले. वेचलेला कापूस भाऊंच्या घरात येऊन पडत होता. आधी कोपरा भरला, मग खोली भरली, आणि घरातली माणसे ओसरीवर निजू लागली. कापसाच्या धुळीने अंगाला खाज सुटते, पोरे रात्रभर खाजवत. एवढे सोसून कापूस ठेवायचा कशासाठी? तर भावासाठी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. दारात आलेला व्यापारी त्याच्या बराच खाली बोलत होता. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्यात एकाधिकार खरेदी होती, तेव्हा निदान विकायचे कोणाला हा प्रश्न नव्हता. आता एक तर व्यापारी, नाही तर सीसीआयचे खरेदी केंद्र. तिथे आठ टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव, त्यावर कपात, आणि बाराच्या वर गेला तर माल परत.

"सरकारचं केंद्र दिवाळीनंतर सुरू होते म्हणते," भाऊ म्हणाले, "अन् दिवाळी त उद्यावर आली. मजुराचे पैसे आजच द्या लागते."

त्या रात्री ओसरीवर नवराबायकोचा बराच वेळ हिशेब चालला होता. सकाळी भाऊंनी चार क्विंटल व्यापाऱ्याला दिले. त्यातून मजुरी भागली, दुकानदाराची थोडी उधारी फिटली आणि पोरांना कपडे आले. वहिनींनी आपले लुगडे संक्रांतीवर ढकलले. उरलेला कापूस उन्हात वाळवून पुन्हा खोलीत रचला. डिसेंबरात माझ्या विद्यार्थ्याचा फोन आला : केंद्रावर ओलावा नऊ टक्के भरला, थोडी कपात झाली, पण भाव बरा मिळाला. मला परीक्षेचा निकाल लागावा तसे वाटले.

रात्री रानडुकरे आणि रोही वावरात शिरतात, म्हणून भाऊ जागलीला जात. दोनदा मीही गेलो. याच तालुक्याच्या रानात माणसे मारणारी वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालून मारली गेली. तोवर इकडे एकट्याने वावरात जाण्याची सोय राहिली नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, एकात एक मिसळलेली औषधे आणि अंगात रोजचाच सदरा. जाळाशेजारी बसून भाऊ हे सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्घाटन याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केले. कर्जापायी त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. साहित्याचा आणि शेतीचा काय संबंध, असे तेव्हा काही जणांनी विचारले होते. वेचणीच्या तासात उभे राहिल्यावर मला तो प्रश्न पडला नाही.

आता मास्तराची एक छोटी बेरीज. शंभर किलो कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा. तुमच्या-माझ्या सुती सदऱ्याला दोनशे ग्रॅम रुई धरा. म्हणजे सहाशे ग्रॅम कापूस, म्हणजे दीडशे बोंडे. मावशींची ही जेमतेम सात मिनिटे, आणि मजुरी सहा रुपये. हमीभाव मिळाला तर कास्तकाराला त्या कापसाचे पंचेचाळीस रुपये. त्यातच बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि मावशींचे सहा रुपये. सदरा दुकानात कितीला मिळतो ते वाचकांना सांगायला नको.

निघताना मावशींनी माझ्या पिशवीत पावशेर तूरडाळ घातली आणि विचारले, "पुढच्या साली येता ना सर?" येतो म्हणालो. ऑस्ट्रेलियातली ती पोरे भाडे जमले की पुढच्या गावाला लागतात. मीही कॉलेज उघडण्याच्या आदल्या दिवशी पुण्याला परतलो. मावशी दुसऱ्या दिवशी, दव उतरल्यावर, पुढचे तास धरायला गेल्या असतील.