एक घर, तीन इयत्ता

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं, की पहिली ठेच लागते ती वेळापत्रकाला. शिकवणारी आई एक आणि मुलं तीन वयांची. मग दिवस पुरवायचा कसा?

शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळी खोली आणि वेगळे शिक्षक असतात. घरी तसं नसतं. समजा, थोरली बारा वर्षांची आहे, मधला आठ आणि धाकटी चार. थोरलीचे सहा विषय, मधल्याचे पाच आणि धाकटीची गाणी, गोष्टी, अक्षरओळख मिळून तीन. प्रत्येकाला अर्धा तास धरला, तरी चौदा तासिका, म्हणजे सात तास होतात. त्यात स्वयंपाक, पाणी भरणं, आल्यागेल्याचं बघणं वेगळंच. शाळेचं वेळापत्रक जसंच्या तसं भिंतीवर चिकटवणाऱ्या घरात म्हणूनच बहुधा पहिल्या आठवड्यातच रडारड होते. दोष आईच्या जिद्दीचा नसतो, हिशेबाचा असतो.

जुनाच प्रश्न, जुनीच उत्तरं

हा पेच काही नवा नाही. खेड्यापाड्यांतल्या एकशिक्षकी शाळांनी तो वर्षानुवर्षं सोडवला आहे. गुरुजी एका इयत्तेला शिकवतात, तेव्हा दुसरी इयत्ता गणितं सोडवते आणि तिसरी मोठ्याने वाचते. मद्रासच्या लष्करी अनाथालयाची जबाबदारी १७८९ मध्ये अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. तिथे त्यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतलं. इथल्या मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना बघून तीही रीत त्यांनी उचलली. पुढे इंग्लंडमध्ये ही ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. अलीकडच्या काळात आंध्र प्रदेशातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली संस्थेने आपल्या खेड्यांतल्या शाळांसाठी शिक्षणकार्डांचा संच तयार केला. मूल एक कार्ड पुरं करून आपल्या गतीने पुढच्या कार्डाकडे जातं. शेजारच्या मुलासाठी त्याला थांबावं लागत नाही.

या सगळ्यांतून घरासाठी एक साधा नियम निघतो: जे एकत्र शिकता येतं ते एकत्र शिकवावं, आणि आईचा वेगळा वेळ फक्त तिच्यावाचून अडणाऱ्या विषयांना द्यावा.

एकत्र काय, वेगळं काय?

इतिहास, भूगोल, परिसरातलं विज्ञान, गाणी, चित्रकला आणि मोठ्याने वाचन या गोष्टी सर्वांना मिळून करता येतात. पावसाळ्याचंच उदाहरण घ्या. सरळ भिंतींची काचेची बरणी अंगणात किंवा गच्चीत ठेवली, की धाकटी आज पाऊस पडला का, ते कॅलेंडरवर ढग काढून दाखवते. मधला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहितो. थोरली महिन्याचा आलेख काढते आणि महाबळेश्वरला धो धो पडणारा पाऊस वाईच्या पूर्वेकडे इतका कमी का होतो, ते नकाशात शोधते. धडा एकच, पण त्याच्या पायऱ्या तीन.

इंदूर, बडोदा किंवा बंगळूरला राहणाऱ्या मराठी घरांत एकत्र वाचनाचा आणखी एक फायदा आहे. अभ्यास हिंदी-इंग्रजीतून चालला, तरी रोजची वीस मिनिटं मराठी कानावर पडते. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तकांसाठी कुणाची वाट बघावी लागत नाही.

गणित आणि भाषेचं लेखन-वाचन मात्र वेगळंच शिकवावं लागतं. तिथे मुलाची पायरी चुकली, की पुढचं सगळं डळमळतं.

सकाळचे साडेतीन तास

दिवसाची सुरुवात धाकटीपासून करावी. आठ वाजता वीस मिनिटं आई पूर्णपणे तिची. पोटभर लक्ष मिळालेलं लहान मूल नंतर बराच वेळ आपलं आपण खेळतं. तोवर मोठी दोघं शुद्धलेखन किंवा वाचन करतात. साडेआठला सगळ्यांचा एकत्र धडा. सव्वानऊला थोरलीचं गणित समजावून द्यायचं, त्या वेळी मधला धाकटीशी खेळतो. थोरली उदाहरणं सोडवायला बसली, की मधल्याच्या गणिताची पाळी. धाकटी शेजारी मणी ओवत किंवा कणकेचे गोळे वळत बसते. मग खाऊची सुट्टी. त्यानंतर थोरली धाकटीला गोष्ट वाचून दाखवते आणि आई मधल्याची भाषा घेते. शेवटी थोरलीचं इंग्रजी. साडेअकराला पाटी-दप्तर बंद! दुपारी थोरली विज्ञान, इतिहासाचं पुढचं वाचन स्वतःच करते.

आई दुसऱ्याबरोबर बसलेली असताना अडलं तर काय? त्या उदाहरणाला गोल करायचा आणि पुढच्याकडे वळायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी. तसंच सगळे विषय रोज घेण्याचा अट्टहास नको. गणित आणि वाचन रोज, बाकीचं आलटून पालटून. शुक्रवारी नवा धडा न घेता राहिलेलं पुरं करावं. घरात आजारपण, पाहुणे, सणवार असतातच.

दोन धोके

पहिला धोका मधल्याला. थोरलीची परीक्षा आणि धाकटीचं रडणं, या दोहोंत शांत मूल हरवून जातं. त्याच्यासाठी रोजची दहा मिनिटं राखून ठेवावीत. त्या वेळात अभ्यास नाही, फक्त त्याचं ऐकायचं.

दुसरा धोका थोरलीला. भावंडांना शिकवल्याने तिचंही पक्कं होतं, हे खरं. पण ती मुलगी असेल, तर बघता बघता घरातली दुसरी आई बनते. दिवसाला अर्ध्या तासापेक्षा जास्त हे काम तिच्यावर पडू नये. राहिलेला भार वडिलांनी उचलायला हवा. संध्याकाळचं गणित किंवा रविवारचा प्रयोग त्यांच्याकडे दिला, तर आईलाही श्वास घ्यायला फुरसत मिळते. आजीआजोबांचा विरोधही बरेचदा अशाने निवळतो. गोष्टींची तासिका त्यांना द्यावी आणि मुलांच्या वह्या दाखवाव्यात.

परीक्षेची आणि कायद्याची बाजू

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं त्यात पालकांचं कर्तव्य मानलं आहे. मात्र तसं न करणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरशिक्षणाचा स्वतंत्र उल्लेखही नाही. म्हणून मुलांच्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि रोजची नोंद जपून ठेवावी.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजेच एनआयओएसची, दहावी वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक-दोन विषय सोडवता येतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे टप्पेही या संस्थेकडे आहेत. महाराष्ट्रात १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीला बसण्याची सोय आहे, पण त्याच्या अटी आधीच वाचून घ्याव्यात. थोरली तेरा वर्षांची होईपर्यंत हा निर्णय झाला, की तिचा दिवस त्याप्रमाणे आखता येतो.

वेळापत्रक पेन्सिलीने लिहावं हे बरं. महिन्याने ते समोर घेऊन बसावं. रोज भांडण कोणत्या वेळी होतं, कोणता विषय सतत राहून जातो, कोण कंटाळून उठतं, हे मुलांनाच विचारावं आणि तेवढाच भाग खोडून पुन्हा मांडावा. दोन-तीन महिन्यांत घराला स्वतःची लय सापडते. आणि एखाद्या घरात ती सापडलीच नाही, आई थकली किंवा मुलं सवंगड्यांसाठी झुरू लागली, तर शाळेचं दार पुन्हा ठोठावण्यात कसलाही कमीपणा नाही.