शेवटचा डोस किती वाजता?

सकाळी ७:४५. रात्रपाळीची सिस्टर एकेका बेडची हकिगत सांगत पुढे सरकते आणि मी मध्येच थांबवून विचारते, एनॉक्सापॅरिनचा शेवटचा डोस किती वाजता? ‘रात्री दिलाय’ एवढ्यावर माझं भागत नाही. मला वेळ हवी असते. आमचा वॉर्ड हाडांचा. कुणाचा खुबा मोडलेला, कुणाचा गुडघा बदललेला, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये. माणूस पडून राहिला की पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. ते टाळायला हे पोटातलं इंजेक्शन. पण जे औषध गुठळी होऊ देत नाही, ते नको तिथला रक्तस्रावही सहज थांबू देत नाही. म्हणून ते देताना अंदाजपंचे काही करायचं नसतं.

८:१५. पायात गुठळी निघालेल्या एक आजी काल रात्री दाखल झाल्यात. ‘आजी, वजन किती असेल हो?’ ‘असेल की पंचावन्न.’ खुर्चीच्या काट्यावर ४६ भरतं. झालेल्या गुठळीवर उपचार करताना डोस किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. आजींच्या अंदाजावर गेलो असतो तर दर वेळी ९ मिलिग्रॅम जास्त गेलं असतं. शिवाय हे औषध शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडावाटे, आणि म्हाताऱ्या माणसांची मूत्रपिंडं वरून दिसतात त्यापेक्षा थकलेली असतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३०च्या खाली असेल तर तोच डोस दिवसातून एकदाच. प्लेटलेटही बघायच्या. औषध सुरू झाल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास त्या निम्म्यावर आल्या, तर हेपॅरिनचीच विपरीत प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा पुढची सुई न देता आधी डॉक्टरांना फोन.

९:००. ४० आणि ६० मिलिग्रॅमच्या भरलेल्या सिरिंज दिसायला इतक्या सारख्या, की आम्ही त्या वेगवेगळ्या खणांत ठेवतो आणि देण्यापूर्वी दोघी मिळून लेबल वाचतो.

पेशंटला आडवं झोपवायचं. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला जागा निवडायची; काल डावी असेल तर आज उजवी. जुना व्रण, निळसर डाग टाळायचा. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. अंगठा आणि तर्जनीत कातडीची घडी धरायची, सुई सरळ उभी, पूर्ण आत घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा आणि सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. मग कापसाने हलकं दाबायचं. चोळायचं नाही. नवीन मुलींचा हात इथे आपसूक चोळायला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पेशंटच्या पोटावर रुपयाएवढा काळानिळा डाग उमटलेला असतो.

सिरिंजमधल्या बुडबुड्याचंही तसंच. हवा काढून टाकायची, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून अंगवळणी पडलेलं. पूर्ण डोस द्यायचा असेल तर या सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नसतो. तो औषधाच्या मागे राहून शेवटचा थेंब आत ढकलतो. काढायला गेलं की औषधच वाया जातं. आजींचा डोस ६० मिलिग्रॅमच्या खुणांच्या सिरिंजमधून द्यायचा, म्हणून तिथे सुई खाली धरून जादा औषध खुणेपर्यंत काढून टाकावंच लागतं.

११:३०. भूलतज्ज्ञांचा राउंड. गुडघा बदललेल्या काकांच्या पाठीतली वेदनाशमनाची नळी आज काढायची आहे. ४० मिलिग्रॅमची सुई टोचल्यापासून १२ तास उलटल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो, आणि काढल्यावर किमान चार तास पुढची सुई द्यायची नसते. घाई केली तर मणक्याच्या पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाण्याचा धोका असतो. काकांना काल सायंकाळी ६ला दिलेलं, आता नळी निघाली, आजचा डोस पुन्हा ६ला: हिशेब बसतो. तरीही दिवसभर मी त्यांना पाय हलवायला लावते. बधिरपणा, पायातला जोर जाणं, लघवी अडणं, पाठीत नव्याने कळ येणं यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी बेल वाजवा, असं त्यांना आणि काकूंना दोघांनाही सांगून ठेवलंय.

त्यांच्याच कागदावर दुखल्यास डायक्लोफेनॅकचं कमरेतलं इंजेक्शन लिहिलेलं आहे. मी डॉक्टरांना दाखवते, ते खोडून पॅरासिटामॉल लिहितात. डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाची शक्यता वाढते, आणि रक्त पातळ असताना स्नायूत सुई खुपसली तर आत रक्त साचतं.

१:००. एका पेशंटचा मुलगा बाजूला घेऊन विचारतो, ‘सिस्टर, यात डुकराचं काही असतं का?’ असतं. १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅकलीन या विद्यार्थ्याला हेपॅरिनचा सुगावा लागला तो कुत्र्याच्या यकृतावर काम करताना. आज एनॉक्सापॅरिन बनतं ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून. मी ते लपवत नाही. कुणाच्या श्रद्धेचा प्रश्न असेल तर फोंडापॅरिनक्स हे रासायनिक पद्धतीने बनवलेलं औषध आहे, पेशंटला चालेल का ते डॉक्टर ठरवतील. विचारलं हे बरं झालं, असं मी त्याला सांगते. न विचारता घरी गेल्यावर सुया बंद करणारे असतात.

३:३०. माझ्या दृष्टीने दिवसातलं सगळ्यात मोठं काम. खुबा बदललेल्या एका सासूबाई उद्या घरी जाणार, आणि सुया पुढे चालू. एकूण कोर्स ३५ दिवसांपर्यंतही जातो. सुई सून देणार. डिस्चार्जच्या गडबडीत, बिलाच्या रांगेत उभं राहून हे शिकवता येत नाही, म्हणून मी आदल्या दिवशीच खुर्ची ओढून बसते.

सून वहीत लिहून घेते. रोज एकच वेळ. चुकला तर आठवल्यावर द्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडा. दोन एकदम कधीच नाही. सिरिंज फ्रीझरमध्ये नको, उन्हातही नको. वापरलेल्या सुईला टोपण लावायला जाऊ नका. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत टाका आणि बाटली आमच्याकडे आणून द्या. घंटागाडीत टाकली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसते. मेडिकलमधून आपल्या मनाने दुखण्याची गोळी आणू नका. दात काढायचा असेल तर आधी डॉक्टरांना कळवा. काळी, डांबरासारखी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, एका पायाला अचानक सूज, अचानक दम लागणं: थेट दवाखाना.

‘चालायला लागल्या की बंद केलं तर?’ ती विचारते. नाही. आणि खर्च झेपत नसेल तर गुपचूप एकाआड एक दिवस देऊ नका, येऊन सांगा. गोळ्यांचा पर्याय असतो. हे सांगताना मी आवाज मुद्दाम खाली आणते, शेजारच्या बेडला ऐकू जाऊ नये म्हणून.

६:००. आजची सुई सूनच देते, मी शेजारी उभी. हात थरथरतो, पण घडी सुटत नाही. सासूबाई म्हणतात, ‘तुझ्यापेक्षा हिचा हात हलका गं.’

७:१०. मागच्या आठवड्यात घरी गेलेल्या एका बाबांच्या मुलाचा फोन. न्हाणीघरात घसरले, डोकं भिंतीवर आपटलं. ‘पण नीट बोलतायत, चहासुद्धा प्यायले.’ बोलत असले तरी आत्ताच्या आत्ता निघा, मी सांगते. डिस्चार्ज कार्ड आणि उरलेल्या सिरिंज बरोबर घ्या, सीटी स्कॅन लागेल. अपघात विभागाला मी कळवते. आणि आजची सुई डॉक्टर सांगेपर्यंत द्यायची नाही.